नाव ओढ्याचं

थॉर्नशॉच्या टँकवर थेल्मा ऑर्मरॉडचं नाव झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती. गिरण्यांच्या आमच्या गावात मुलींनी टँकवर जायचं ते हुंदडायला, आणि मोठ्यांनी जायचं ते आंघोळीला. घरोघरी न्हाणीघर नव्हतं, त्यामुळे इमारतीच्या मागच्या अंगाला टबांच्या खोल्या होत्या, आणि शनिवारी बगलेत टॉवेल मारून माणसं तिथे रांगेत उभी असत. पुढच्या अंगाला पोहायचा तलाव. काठाने अर्ध्या दारांच्या लाकडी खोल्या. कपडे बदलणाऱ्याचे पाय खालून दिसत आणि डोकं वरून. पाण्यातल्या क्लोरीनचा वास डोळ्यांत शिरायचा. काठावर पिकप नावाचा रखवालदार लांब बांबू घेऊन फिरायचा आणि दिवसभर एकच ओरडायचा, "पळू नका रे, मुडद्यांनो!"

थेल्मा मात्र खरंच पोहायची. शाळेच्या मिस ड्यूहर्स्ट म्हणायच्या, "या पोरीला पाण्यात टाकलं की तिचं डोकं शांत होतं." त्या उन्हाळ्यात तिला गावाच्या शर्यतींत उतरायचं होतं. आणि त्याच उन्हाळ्यात, म्हणजे पन्नास साली, पोलिओ आला.

पलीकडच्या गल्लीत एक मुलगी आजारी पडली, मग स्टेशनजवळचे दोन भाऊ. थेल्माची आई क्लॅरिस विणकर होती. सकाळी मागांवर जायची ती संध्याकाळी परत. जाण्याआधी तिने दोन्ही मुलांना ओळीत उभं केलं.

"गर्दीत जायचं नाही. सिनेमा नाही, जत्रा नाही, आणि टँक तर मुळीच नाही. शिरलं का कानात?"

"हो, आई."

"'हो आई' नकोय मला. माझ्याकडे बघून सांग, थेल्मा. गॉर्डन तुझ्यावर आहे."

गॉर्डन सहा वर्षांचा. वडील, विल्फ्रेड, गॅसच्या कारखान्यात रात्रपाळीला भट्टीवर कोळसा लोटायचे आणि दिवसा वरच्या खोलीत पडदे ओढून झोपायचे. म्हणजे घरात मोठं माणूस होतं, आणि नव्हतंही.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. झोप झाल्यावर विल्फ्रेड गॉर्डनला गिरणीमागच्या ओढ्यावर मासे धरायला घेऊन गेले. तो ओढा रंगाच्या कारखान्याखालून यायचा, कधी निळा, कधी जांभळा. मासे कसले मिळणार? गॉर्डन शेवाळावरून घसरला आणि कमरेपर्यंत भिजून, जांभळे मोजे घेऊन घरी आला. क्लॅरिसने नवऱ्याला गल्लीभर ऐकू जाईल असं झापलं.

"अक्कल गहाण टाकलीस का रे? सगळं गाव पोरांना घरात कोंडून बसलंय आणि तू त्याला गटारात बुचकळून आणतोस?"

"मोजे तर भिजले फक्त, क्लॅरिस."

"फक्त म्हणे!"

शेजारच्या दारात बायका उभ्या राहून ऐकत होत्या. ओढ्याची गोष्ट अशी सगळ्यांना ठाऊक झाली.

टँकची गोष्ट कोणालाच ठाऊक झाली नाही. शुक्रवारी टँकच्या दारावर पाटी लागली, की सोमवारपासून बेमुदत बंद. शर्यतीही रद्द. थेल्माची मैत्रीण बेरिल पळत सांगायला आली. ती वर जाऊन दाराला कान लावून आली. वडील घोरत होते. तिने पोहायचा पोशाख टॉवेलात गुंडाळला.

"मी पण येणार," गॉर्डन म्हणाला.

"तुला पोहता कुठे येतं?"

"मग शिकव."

त्याला घरी एकटं ठेवलं तर तो वडिलांना उठवणार. तिने त्याचा दंड धरला. "आईला एक शब्द सांगितलास तर पुन्हा तुला कध्धी कुठे नेणार नाही. घे शपथ."

त्याने घेतली, आणि शेवटपर्यंत पाळली.

त्या दिवशी सगळं गाव शेवटचं पोहून घ्यायला आल्यासारखी गर्दी होती. थेल्माने उथळ बाजूला गॉर्डनची हनुवटी तळहातावर धरली. "पाय मार. बेडकासारखे नाही रे, कात्रीसारखे!" तो मारत राहिला. नाकातोंडात पाणी गेलं, खोकला, पुन्हा मारायला लागला. शेवटी एकदा तिने हात काढून घेतला तर तो क्षणभर तसाच तरंगला, आणि बुडाला. वर आला तो हसतच. येताना तळलेल्या माशांच्या दुकानातून तळणीतला कुरकुरीत चुरा मागून घेतला, तो दुकानदार पोरांना फुकट द्यायचा. तो खात, व्हिनेगर लागलेली बोटं चाटत दोघं घरी आली. थेल्मा मागच्या अंगणात ओले कपडे कोळशाच्या खोपटात लपवायला गेली आणि गॉर्डन पुढे घरात गेला.

आठ-दहा दिवसांनी त्याला ताप भरला. मान आखडली. एका सकाळी तो बिछान्यातून उतरला आणि तिथेच खाली बसला.

"पाय झोपलाय माझा," म्हणाला.

त्याला टेकडीवरच्या साथीच्या दवाखान्यात नेलं. आईवडिलांना काचेबाहेरून बघायची परवानगी, बहिणीला तीही नाही. त्याची गादी, चित्रांची पुस्तकं, लाकडी आगगाडी मागच्या अंगणात जाळली. लोक रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. गॉर्डन वाचला. डावा पाय मात्र काठीसारखा बारीक होत गेला.

क्लॅरिसने डॉक्टरला विचारलं, "हे आलं कुठून?"

डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. "ते कोणीच सांगू शकणार नाही, मिसेस ऑर्मरॉड. दुकानातून, शाळेतून, कुठूनही."

"तो ओढ्यात पडला होता. त्याच्या बापाने नेला होता."

"शक्य आहे," डॉक्टर म्हणाला.

त्या 'शक्य आहे'ला क्लॅरिसने धरून ठेवलं. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात विल्फ्रेडच्या अंगावर गेली. थेल्मा जिन्यात बसून ऐकत होती.

"तू नेलंस त्याला! मी सांगत होते, घसा फोडून सांगत होते. बोल ना, नेलंस की नाही?"

मग वडील म्हणाले, "हो. मीच नेलं."

थेल्मा उठली. दोन पायऱ्या उतरली. खाली जाऊन 'आई, ओढा नाही, टँक' एवढंच म्हणायचं होतं. पण ती पुन्हा वर जाऊन पांघरुणात शिरली. उद्या सांगू असं तिने ठरवलं. उद्या गॉर्डनचा ताप पुन्हा चढला, परवा आजी आली, आणि असं करत करत सांगायची वेळ निघून गेली. मग सांगणं म्हणजे टँकवर गेल्याचं सांगणं उरलं नाही. इतके दिवस गप्प बसल्याचंही सांगणं झालं.

क्लॅरिस गिरणीत मागांच्या खडखडाटात नुसत्या ओठांनी गप्पा मारणारी बाई; तिला घरात नवऱ्याशी बोलायला शब्द पुरेनासे झाले. ताट ठेवायची, कपडे धुवायची, पण बोलणं कामापुरतं. विल्फ्रेड मागच्या खोलीत झोपू लागले. गल्लीतल्या बायका पोरांना दटावायच्या, "ऑर्मरॉडबरोबर कुठे जायचं नाही बरं का." रविवारी पोरं जमवून त्यांना गोट्या शिकवणारा माणूस, त्याच्या अंगणात पोर फिरकेना.

पुढच्या वर्षी टँक उघडला. मिस ड्यूहर्स्ट स्वतः घरी आल्या.

"अगं, तू नाहीस तर शर्यतीत उतरवू कोणाला?"

"मला आवडत नाही आता," थेल्मा म्हणाली. त्यानंतर तिने पाण्यात पाय घातला नाही.

गॉर्डन लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून घरी आला आणि थेल्मा त्याची सावली झाली. दप्तर तिच्याकडे. जिन्यावरून तिच्या पाठीवर. कोणी 'लंगडा' म्हटलं तर थेल्मा त्याचं नाक फोडून यायची. शाळा संपल्यावर ती सपातांच्या कारखान्यात लागली. गॉर्डनची पावलं दोन मापांची, म्हणून ती दोन जोड आणायची, त्यातला एक डावा, एक उजवा त्याला द्यायची. उरलेला विजोड जोड कपाटात साठत जायचा. डेनिस नावाच्या बस-कंडक्टरने तिला मागणी घातली. चांगला मुलगा होता, रोज तिच्यासाठी बस थांबवून ठेवायचा. थेल्मा म्हणाली, "गॉर्डनचं कोण बघणार?"

गॉर्डनने मात्र रेडिओ-दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि चोविसाव्या वर्षी शीला नावाच्या हसऱ्या पोरीशी लग्न करून मोकळा झाला. लग्नात तो थेल्माला म्हणाला, "आता तरी माझं दप्तर खाली ठेव, बये." सगळे हसले. थेल्मा न्हाणीघरात जाऊन रडली.

वडिलांना ती सांगायला गेली तेव्हा तिशीची झाली होती. भट्टीच्या धुराने विल्फ्रेडची छाती गेली होती, आणि ते दिवसभर गावाबाहेरच्या आपल्या भाजीच्या वाफ्यावर बसून असत. दुपारची वेळ. ते कोबीवरच्या अळ्या वेचत होते.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. गॉर्डन आजारी पडला त्याच्या आधी—"

"टँकवर नेलं होतंस त्याला."

थेल्मा पालथ्या बादलीवर बसली.

"मी उठून खाली चहा करत होतो," ते म्हणाले. "पोरगं आत आलं, डोळे लाल, आणि डोक्याला तो टँकचा वास. मीच नळाखाली साबणाने डोकं धुतलं त्याचं, तुझी आई यायच्या आत. म्हटलं, उगाच मार खाशील."

"मग आई तुम्हाला बोलत होती तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तिला कोणावर तरी रागवायचं होतं. न रागवती तर वेडी झाली असती. तू एवढीशी होतीस. तुला ते पेललं नसतं, पोरी."

"आणि तुम्हाला पेललं?"

विल्फ्रेड खोकले. बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "नाही पेललं गं. पण मी मोठा होतो. आणि घरात मी होतो ना. झोपलो नसतो तर तुम्ही गेला असतात का?"

थेल्माने त्यांचे हात धरले. "मी आज सांगते आईला. आज संध्याकाळी."

"नाही सांगायचं. इतकी वर्षं तिने मला दूर ठेवलं ते चुकीच्या गोष्टीसाठी, असं तिला आता कळलं तर ती कुठे जाईल? माझ्यासाठी म्हणून गप्प बस."

थेल्मा गप्प बसली. पुढे ती मला, तिच्या शेजारणीला, म्हणायची, "आधी गप्प होते ती भीतीने. नंतर बाबांनी सांगितलं म्हणून. पण खरं सांगू? त्यांनी सांगितल्यावर मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला जास्त लाज वाटते."

त्यानंतर दहा वर्षांनी विल्फ्रेड गेले. दफन झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत चहा, हॅम, सँडविच. क्लॅरिस शेजारणीला सांगत होती, "माणूस वाईट नव्हता. कष्टाळू होता. तो ओढा सोडला तर माझी काही तक्रार नव्हती."

थेल्माच्या हातात कपांचा ट्रे होता. तो तिने टेबलावर ठेवला आणि आईला दंडाला धरून आत मोरीजवळ नेलं, आणि सांगितलं. एका दमात.

क्लॅरिसने नळ सोडला. एक कप धुतला, पुसला, पुन्हा धुतला.

"त्याला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि गप्प बसला."

"हो, आई. तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी."

मग क्लॅरिस वळली. थेल्माला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसावी असंही वाटलं. क्लॅरिस तिच्याकडे बघून म्हणाली, "कालच्या काल का नाही सांगितलंस? काल तो घरात होता. पेटीत का होईना, घरात होता. मी बोलले असते त्याच्याशी."

त्यानंतर क्लॅरिसने मुलीला एकदाही बोल लावला नाही. तेच थेल्माला सोसेना. म्हातारी रोज बस पकडून कबरीवर जायची, पावसाचीही जायची. घरी आल्यावर मागच्या खोलीत, नवऱ्याच्या अरुंद खाटेवर झोपायची. थेल्माने मनावरचं ओझं उतरवलं होतं, पण ते उतरवून आईच्या पाठीवर ठेवलं होतं.

थेल्माने आईला काय सांगितलं हे गॉर्डनला कळलं तेव्हा तो भडकला. दुकानात एका रेडिओचं पोट उघडून बसला होता, त्यानं पेचकस आपटला.

"पाय माझा, आणि भांडण तुमचं तिघांचं! मला विचारलंत का कोणी?"

"काय विचारणार? मी तुला नेलं, गॉर्डन."

"नेलंस! मीच मागे लागलो होतो. आणि मला तर सगळं आठवतं. हिरव्या फरशा आठवतात. पिकप मला 'बेडूक' म्हणाला ते आठवतं. तू हात काढलास आणि मी तरंगलो. थेल्मा, माझे दोन्ही पाय चालत होते तेव्हाची मला हीच एक दुपार नीट आठवते. बाकी सगळं तापात गेलं. आणि तू तीस वर्षं त्या दुपारसाठी रडतेस?"

थेल्माने पेचकस उचलून त्याच्यासमोर ठेवला.

"आणि दुसरं," तो म्हणाला, "कशावरून टँकच? डॉक्टर काय म्हणाला होता? कुठूनही. ओढ्यातूनही आलं असेल."

"मग बाबांनी—"

"मग बाबांनी काही नाही! पोराला मासे धरायला नेलं. तू पोराला पोहायला नेलंस. पोरांना न्यायचं असतं तिथेच नेलं दोघांनी."

त्याने तिला माफ केलं असं म्हणता येणार नाही. माफ करण्यासारखं काही आहे हेच त्याला मान्य नव्हतं. आणि थेल्माला तर माफीच हवी होती. ती न मिळाल्याने ती होती तिथेच राहिली. क्लॅरिस आणखी काही वर्षं जगली आणि शेवटच्या आजारात थेल्मालाच 'विल्फ' म्हणून हाका मारायची, "विल्फ, ये रे, जेवून घे." थेल्मा 'ओ' द्यायची.

टँक कायमचा बंद करून पाडायचं ठरलं, तेव्हा गावातल्या लोकांनी चर्चच्या सभागृहात एक निरोपाची संध्याकाळ ठेवली. ज्याला वाटेल त्याने उठावं आणि लहानपणच्या आठवणी सांगाव्यात. मी थेल्माच्या समोरच्या घरात राहते. मीच तिला आग्रह करून नेलं. हे सगळं मला तेव्हा ठाऊक असतं तर नेलं नसतं. गॉर्डन आणि शीलाही आले होते.

लोकांनी धमाल उडवली. कोणी पिकपची नक्कल केली. कोणाची चड्डी उडी मारताना पाण्यात राहिली होती. बेरिल, आता तिला सहा नातवंडं, हसून हसून डोळे पुसत होती. एवढ्यात थेल्मा उभी राहिली. कोणी तिला बोलताना फारसं ऐकलं नव्हतं, म्हणून सभागृह गप्प झालं.

"मी थेल्मा, विल्फ्रेड ऑर्मरॉडची मुलगी," ती म्हणाली. "गॅसच्या कारखान्यातला विल्फ. त्याने माझ्या भावाला ओढ्यावर नेलं म्हणून पोलिओ झाला असं या गावात म्हणत. तुम्ही तुमच्या पोरांना त्याच्याकडे पाठवत नव्हतात. तर ते तसं नव्हतं. त्याच आठवड्यात मी गॉर्डनला चोरून टँकवर नेलं होतं. बाबांना ठाऊक होतं. त्यांनी माझं नाव येऊ दिलं नाही. एवढंच सांगायचं होतं."

ती उभीच राहिली. लोक खुर्च्यांत चुळबुळले. मागच्या रांगेतली एक तरुण बाई नवऱ्याला हळूच विचारत होती, "विल्फ कोण?" निम्म्या सभागृहाला तो ठाऊकच नव्हता.

बेरिल म्हणाली, "अगं थेल्मा, ते ओढ्याचं? ते तर आम्ही कधीच विसरलो, बाई."

लोक विसरले होते. विल्फ्रेडला मात्र ते विसरले आहेत हे कोणी कधी जाऊन सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत एक फार म्हातारी बाई काठीवर जोर देऊन उठली. मिसेस ग्रिमशॉ, पूर्वी ऑर्मरॉडांच्या भिंतीला भिंत लागून राहायची.

"मी नाही विसरले," ती म्हणाली. "माझ्या आर्नोल्डला मी त्याच्या अंगणातून कान धरून ओढून आणलं होतं. विल्फने पोराच्या हातात गोट्या दिल्या होत्या. मी त्या परत त्याच्या पायाशी फेकल्या. तो वाकून एकेक वेचत होता." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "आता हे मी कोणाला सांगू, पोरी?"

"मला सांगितलंत ना," थेल्मा म्हणाली.

"तुला सांगून काय होतं?"

"काही नाही होत," थेल्मा म्हणाली. "मला माहीत आहे."

ती पुढे जाऊन म्हातारीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. सूत्रसंचालकाने घसा खाकरून पुढच्याला बोलावलं. मागून गॉर्डनचा मोठ्याने आवाज आला, "मी पुढचा! मी त्या दिवशी टँकमध्ये तरंगलो होतो, ते सांगायचंय मला," आणि तो बुटाचा खटखट आवाज करत पुढे आला. त्याने पिकपची अशी नक्कल केली की सगळे पोट धरून हसले. मिसेस ग्रिमशॉही हसली. थेल्मा हसली नाही. तिने म्हातारीची काठी पडू नये म्हणून धरून ठेवली होती, आणि भाऊ बोलून होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती.